‘न्यूज’चा चार दिशांशी संबंध नाही

‘नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ यांच्या आद्याक्षरांतून न्यूज हा शब्द तयार झाला’ हा मजकूर व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय. पण परवा भाचीच्या पत्रकारितेच्या वहीत तो चक्क व्याख्या म्हणून उतरवलेला दिसला, आणि राहवलं नाही.

आधी आद्याक्षरांचं पाहू. आद्याक्षरं जुळवून रोजच्या वापरातला शब्द घडवायची इंग्रजीतली रीत मुख्यतः विसाव्या शतकातली आहे. ‘रडार’ असा घडला, तो १९४० च्या सुमारास. ‘न्यूज’ बातमी या अर्थाने पंधराव्या शतकातच रुळला होता. तेव्हा तो पाच अक्षरांनीही लिहीत, शेवटी कधी ‘ईएस’, कधी ‘आयएस’. दिशा चारच, मग हे पाचवं अक्षर कुठल्या दिशेचं?

म्हणे जुन्या वर्तमानपत्रांच्या माथ्यावर दिशादर्शक चिन्ह असे, त्यावरून हे नाव पडलं. इंग्लंडमध्ये छापखानाच आला १४७६ साली, विल्यम कॅक्स्टनने आणला तेव्हा. वर्तमानपत्रं त्याहून सव्वाशे-दीडशे वर्षांनी आली. शब्द या दोन्हींच्या आधीचा.

खरी व्युत्पत्ती सरळ आहे. ‘न्यू’ म्हणजे नवा. ‘न्यूज’ हे त्याचंच अनेकवचन, म्हणजे नव्या गोष्टी. फ्रेंच लोक बातम्यांना ‘नूव्हेल’ म्हणत, त्यातही मूळ अर्थ नवं हाच. इंग्रजीने तीच घडण उचलली. म्हणून तर शेक्सपिअरच्या नाटकांत ‘धिस न्यूज’ही आहे आणि ‘दीज न्यूज’ही. शब्द एकवचनी की अनेकवचनी, हे तेव्हा पक्कं झालेलं नव्हतं. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही, की ‘न्यू’ आणि संस्कृत ‘नव’ एकाच प्राचीन मुळातून आले आहेत. आपला ‘नवा’ही त्याच कुळातला. गावाहून आलेल्या माणसाला आपण ‘काय नवीन?’ विचारतो, तेव्हा ‘न्यूज’च विचारत असतो.

‘नोटेबल इव्हेंट्स, वेदर, स्पोर्ट्स’ या दुसऱ्या फोडीलाही वरचंच उत्तर.

दिशांची गोष्ट मात्र आजकालची नाही. १६४० साली लंडनमध्ये छापलेल्या चुटकेवजा कवितांच्या एका संग्रहात बातमी उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिणेकडून येते अशी अक्षरांवरची कोटी आहे. शब्द रुळून तोवर दोनशे वर्षं झाली होती.