धोका एकीकडे, मरण दुसरीकडे

मधुमेह, बीपी, हृदयविकार ही सुबत्तेची देणगी, असं आपण इतक्या सहज म्हणतो की त्यावर कुणी आकडे मागत नाही. खाऊनपिऊन सुखी माणसाला हे व्हायचंच, गरिबाचं शरीर कष्टाने काटक राहतं, वगैरे. आज जरा आकडे मांडते. पोस्ट लांब होणार आहे, मध्येच कुणी उठून गेलं तर राग नाही.

2014 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 'प्युअर' या अभ्यासाचा एक निष्कर्ष छापून आला. श्रीमंत, मधले आणि गरीब असे मिळून 17 देश आणि दीड लाखाहून जास्त माणसं. प्रत्येकाला धोक्याचे गुण दिले: धूम्रपान, बीपी, शुगर, पोटाचा घेर, व्यायाम, आहार. सगळ्यात जास्त धोका श्रीमंत देशांत निघाला आणि सगळ्यात कमी गरीब देशांत. म्हणजे इथपर्यंत आपली समजूत बरोबर. पण नंतरच्या वर्षांत खरोखर हार्ट अटॅक, पॅरालिसिस, हृदय निकामी होणं यांची नोंद केली, तेव्हा क्रम उलटा झाला. हजार माणसांमागे वर्षाला श्रीमंत देशांत अशा साधारण 4 घटना, गरीब देशांत 6.4. आणि ज्यांना हे झालं त्यांच्यातून दगावणारे श्रीमंत देशांत 6.5 टक्के, गरीब देशांत 17.3 टक्के.

धोका कमी, मरण जास्त. गेले काही दिवस या एका तक्त्याने माझं डोकं धरून ठेवलंय.

याचं एक मोठं उत्तर त्याच अभ्यासगटाने तीन वर्षं आधी 'लॅन्सेट'मध्ये देऊन ठेवलं होतं. ज्यांना आधीच हार्ट अटॅक किंवा पॅरालिसिस होऊन गेलाय, म्हणजे ज्यांना औषध हवंच याबद्दल जगातल्या कुठल्याच डॉक्टरचं दुमत नाही, अशांना विचारलं की गोळ्या काय चालू आहेत? अ‍ॅस्पिरिन, बीपीच्या गोळ्या, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी), यातलं काहीही. श्रीमंत देशांत 11 टक्के लोक यातली एकही गोळी घेत नव्हते. गरीब देशांत 80 टक्के. आणि ही काही नवलाईची औषधं नाहीत. बहुतेकांचं पेटंट कधीच संपलंय, जेनेरिक बनतात, ढिगाने बनतात.

गोळी स्वस्त असणं आणि माणसाच्या हातात दर महिन्याला न चुकता पडणं यात खूप अंतर आहे. दुखत-खुपत काही नसताना कुणीतरी बीपी मोजायला हवं. मोजलेलं कुठेतरी लिहून ठेवायला हवं. पुढच्या महिन्यात आरोग्य केंद्रात गोळी शिल्लक हवी, ती आणायला गेल्यावर दिवसाची मजुरी बुडायला नको, आणि तीन महिन्यांनी "आता बरं वाटतंय" म्हणून बंद केली तर विचारणारं कुणी हवं. यातली एक कडी तुटली की संपलं. बीपी वाढलेलं असून ते माहीतच नाही, असे जगात त्या आजाराचे जवळजवळ निम्मे लोक आहेत. मधुमेहाचं तेच. 2022 साली जगात 82 कोटींहून जास्त प्रौढांना मधुमेह होता, 1990 च्या चौपट. त्यातल्या तिशी ओलांडलेल्या साडेचव्वेचाळीस कोटी माणसांना काहीही उपचार चालू नव्हते. या माणसांची गाठ आरोग्यव्यवस्थेशी पडते ती थेट पायाला गँगरीन झाल्यावर किंवा डायलिसिस लागल्यावर, आणि डायलिसिस पुष्कळ ठिकाणी नसतंच.

आता गरीब प्रदेशात धोका "कमी" आहे म्हटलं, तोही किती दिवस टिकेल? लठ्ठपणा शहरातून येतो अशी सगळ्यांची खात्री असते. 1985 ते 2017 या काळात जगाचा सरासरी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) जेवढा वाढला, त्यातली निम्म्याहून जास्त वाढ ग्रामीण भागातली आहे. 1989 मध्येच सोबल आणि स्टंकार्ड या संशोधकांनी शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की गरीब समाजात बाई जितकी श्रीमंत तितकी जाड, आणि श्रीमंत समाजात बरोबर उलटं. म्हणजे देश वर चढला की हा आजार वरच्या वर्गाला सोडून खालच्या वर्गात मुक्कामाला येतो. अमेरिकेत आरोग्य विभागाच्या सीडीसी या संस्थेने 2011 मध्ये नकाशावर मधुमेहाचा पट्टाच आखला. 15 राज्यांतल्या 644 काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखे भाग), बहुतेक दक्षिणेतल्या. देशात पैसा कमी नाही, पण तो पट्टा गरिबीच्या नकाशावर बराचसा बसतो.

दुसरं, हा धोका मोजायची पट्टीही सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. 2004 मध्ये चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी आपला शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. एक भारतीय, एक ब्रिटिश. दोघांचा बीएमआय 22.3, म्हणजे कागदावर दोघेही ठणठणीत. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. युडकिन मॅरेथॉन पळायचे आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत पोचणं, हेही त्यांनीच लिहून टाकलंय. (विज्ञानात असा विनोद फार कमी वाचायला मिळतो.) पण त्याच्याखाली आणखी एक गोष्ट आहे: याज्ञिक जन्माला आले तेव्हा त्यांचं वजन कमी होतं, आणि आईच्या पोटातल्या कुपोषणाचा याच्याशी संबंध असू शकतो.

हा धागा त्याआधीचा. 1986 मध्ये डेव्हिड बार्कर आणि क्लाइव्ह ऑस्मंड या ब्रिटिश संशोधकांनी इंग्लंड-वेल्समधले दोन काळ एकमेकांशेजारी ठेवले: 1921 ते 25 मधले बालमृत्यू आणि 1968 ते 78 मधले हृदयविकाराचे मृत्यू. ज्या भागांत पूर्वी बाळं जास्त दगावत होती, त्याच भागांत पन्नास वर्षांनी मोठी माणसं हृदयविकाराने जास्त मरत होती. पोटात पोषण कमी पडलं की गर्भ मेंदू वाचवतो आणि स्वादुपिंड, मूत्रपिंड, स्नायू यांच्या वाट्याचं कापतो, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. पुढे आयुष्यात अन्न मुबलक झालं की तेच काटकसरीत घडलेलं शरीर ते पेलू शकत नाही. उलट बाजूचा पुरावा 2024 मध्ये आला. ब्रिटनमध्ये साखरेचं रेशनिंग सप्टेंबर 1953 मध्ये उठलं. ज्यांची गर्भावस्था आणि पहिली दोन वर्षं रेशनिंगमध्ये गेली, त्यांच्यात पुढे टाइप 2 मधुमेहाचा धोका साधारण 35 टक्के कमी आणि उच्च रक्तदाबाचा 20 टक्के कमी आढळला.

आता सांगा, यात पन्नाशीतल्या माणसाला "जिभेवर ताबा ठेवायला हवा होता" असं सुनावण्यात काय अर्थ आहे? त्याच्या आजाराचा एक हिस्सा त्याच्या आईच्या उपासमारीत लिहिला गेलाय. माझा राग उपदेशावर नाही, उपदेश फुकट असतो म्हणून सरकारांना आणि संस्थांना तो फार आवडतो, यावर आहे. पोस्टर छापलं, जागतिक मधुमेह दिन साजरा केला, झालं. जगातून आरोग्यासाठी जी मदत गरीब देशांकडे जाते त्यातला दोन टक्क्यांच्या आसपासचा वाटा या आणि कॅन्सरसारख्या, संसर्गाने न पसरणाऱ्या सगळ्या आजारांना मिळून मिळतो. आणि या आजारांनी सत्तरीच्या आत मरणाऱ्या दहा माणसांतली आठहून जास्त माणसं गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात.

कुणी म्हणेल, गोळ्याच वाटत बसायच्या का, मुळावर घाव घाला. घालाच की. फिनलंडमधल्या उत्तर कारेलिया या गरीब प्रांतात 1972 मध्ये डॉक्टर पेक्का पुस्का आणि मंडळींनी तेच केलं. कारण तिथल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू जगात सगळ्यात जास्त असलेल्या भागांत गणले जात. चाळीस वर्षांत कामाच्या वयातल्या पुरुषांमधले हे मृत्यू 80 टक्क्यांहून जास्त घटले. पण तिथेही नुसतं सांगून सोडलं नव्हतं. लोणी, मीठ, तंबाखू यांच्याबद्दलचे नियम, कारखाने, डेअरी, दुकानं सगळं हलवलं, आणि बीपी मोजून औषधंही दिली. दोन्ही एकदम.

शिवाय मुळावरचा घाव लागायला एक पिढी जाते. आज ज्यांचं वरचं बीपी 170 आहे त्यांच्याकडे एवढा वेळ नाही.

बीपी मोजून गोळ्या चालू ठेवायचं काम डॉक्टरांवाचून होतं का? चीनमध्ये 326 गावांत सुमारे 34 हजार लोकांवर हा प्रयोग झाला. निम्म्या गावांत बीपीची सगळी जबाबदारी गावच्या वैद्यकीय कार्यकर्त्यांवर टाकली. त्यांचं शिक्षण पूर्ण डॉक्टरएवढं नसतं. त्यांना ठरलेला प्रोटोकॉल, सवलतीत किंवा मोफत औषधं, घरी मोजायला यंत्रं आणि मोठ्या डॉक्टरांची देखरेख दिली. दीड वर्षात त्या गावांतल्या 57 टक्के रुग्णांचं बीपी 130/80 च्या खाली आलं. बाकीच्या गावांत ते प्रमाण 20 टक्के होतं. तीन वर्षांनी बाकीच्या गावांच्या तुलनेत हार्ट अटॅक, पॅरालिसिस वगैरे एक तृतीयांशाने कमी झाले, आणि एकूण मृत्यूही 15 टक्क्यांनी कमी झाले. यात नवीन औषध एकही नव्हतं.