बंडल पिक्चर शोधून काय मिळवलं म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार आहे. घाई असेल त्यांनी खुशाल पुढे सरका.

सकाळी एका फिल्म क्लबात 'बियॉण्ड द रॉक्स' बघितला. १९२२ चा हॉलिवूडचा मूकपट. ग्लोरिया स्वान्सन आणि रुडॉल्फ व्हॅलेंटिनो, त्या काळचे दोन बडे तारे, दोघं एकत्र आहेत असा हा एकच. कित्येक दशकं हा गायब होता. स्वान्सनबाईंची फार इच्छा होती की तो कुठेतरी सापडावा. १९८३ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर वीसेक वर्षांनी हॉलंडमधल्या एका संग्राहकाच्या माघारी त्याचे गंजके डबे फिल्म म्युझियमकडे आले, त्यांत एक रीळ आज, दुसरं काही महिन्यांनी, असं करत पिक्चर जुळला. २००५ मध्ये फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला.

तर दिवे लागले आणि माझ्या शेजारचे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "एवढा खटाटोप करून काय मिळवलं? बंडल आहे. चांगला असता तर टिकला असता की!" आजूबाजूच्या दोन-चार माना डोलल्या. मी गप्प. घरी येऊन चहा घेतल्यावर उत्तरं सुचायला लागली, नेहमीसारखीच.

बरं, बंडल आहे हे मान्य. नायिका होडीतून पडते, नायक वाचवतो. मग आल्प्समध्ये घसरते, तिथेही हाच हजर. म्हातारा नवरा मध्ये येतो म्हणून त्याला शेवटी वाळवंटात नेऊन मारलाय. झालं समाधान?

पण "चांगलं असतं तर टिकलं असतं" हे वाक्य मी आयुष्यात एकदा स्वतः बोललोय, म्हणून ते इतकं झोंबलं.

आमचे आतोबा सांगलीत थिएटरला ऑपरेटर होते. रविवारी सकाळी इंग्रजी पिक्चरचा शो असायचा. प्रिंट यायची ती दहा गावं हिंडून, चाळण झालेली. मधेच तुटायची. खाली शिट्ट्या सुरू व्हायच्या आणि वर आतोबा ब्लेडने कडा कापून, फिल्म चिकटवायचं सिमेंट लावून जोड मारायचे. कापलेले तुकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. कुठलाच तुकडा टाकून द्यायचे नाहीत. का, ते विचारलं तर म्हणायचे, "राहू दे, काय खायला मागतंय का?"

सुट्टीत आम्ही पोरं तो डबा घेऊन बसायचो. एकेक तुकडा खिडकीच्या उजेडात धरायचा. माझा लाडका तुकडा वीतभर होता. पांढरे हातमोजे घातलेली एक गोरी बाई, कानाला फोन, तोंड अर्धवट उघडं. पंधरा-सोळा चित्रं, सगळी जवळजवळ सारखी. फक्त शेवटच्या दोनांत तिची नजर फोनवरून दाराकडे गेलेली. दारात कोण होतं? ते दुसऱ्या कुठल्या गावच्या डब्यात असणार.

आतोबा गेले. काही वर्षांनी आत्याचं घर आवरायला मी गेलो. डबा उघडला तर व्हिनेगरचा भपकारा. जुनी फिल्म अशीच आंबते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आत्याला वाटलं लोणचं नासलंय. तुकडे वाकडेतिकडे, एकमेकांना चिकटलेले. मी रुबाबात म्हणालो, "यात जपण्यासारखं असतं तर कोणीतरी जपलं असतं ना, आत्या." डबा भंगारवाल्याला दिला. त्याने पत्र्याचे पैसे दिले. आतला ऐवज त्याने गटाराशी उपडा केला, माझ्या डोळ्यांदेखत.

म्हणून सांगतो, टिकण्याचा आणि चांगलं असण्याचा काडीचा संबंध नाही. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, २०१३ मध्ये हिशोब मांडला. तिथले जवळजवळ ११ हजार पूर्ण लांबीचे मूकपट, त्यातले ७० टक्के साफ गेलेत. ते काय सगळे भिकार होते? १९३७ मध्ये न्यू जर्सीत फॉक्स या फिल्म कंपनीचं गोदाम जळालं, त्यात त्यांच्या मूकपटांचा बहुतेक सगळा साठा गेला. आगीने काय समीक्षा वाचून निवडून जाळलं? आणि युनिव्हर्सल कंपनीने तर १९४८ मध्ये आपल्याकडे उरलेल्या मूकपटांच्या निगेटिव्ह स्वतःच नष्ट करून टाकल्या. स्वतःच्या हाताने! बोलपट आल्यावर या मालाला गिऱ्हाईक नव्हतं, ठेवायला जागा लागायची, आणि फिल्ममध्ये चांदी असते ती काढून विकता यायची. थोडक्यात, जगभर हिशोब भंगारवाल्याचाच.

आणि टिकलं ते कसं टिकलं, तेही ऐका. कॅनडात पार उत्तरेला डॉसन नावाचं सोन्याच्या खाणींचं गाव. पिक्चर तिथे पोचायचे तेव्हा दोन-तीन वर्षं जुने झालेले असायचे. कंपन्या म्हणायच्या, परत पाठवायचा खर्च कोण करणार, तिथेच राहू द्या. मग काही रिळं नदीत गेली, काही जाळली, आणि १९२९ मध्ये उरलेली बुजवायच्या पोहण्याच्या तलावात भरणी म्हणून टाकली. वर बर्फावरच्या हॉकीचं मैदान. १९७८ मध्ये नव्या बांधकामासाठी खणताना ५३३ रिळं बाहेर आली. गोठलेल्या जमिनीने सांभाळली होती! कुठली कंपनी ती वाहून न्यायला तयार होईना, शेवटी लष्कराच्या विमानाने नेली. म्हणजे वाचली कशामुळे, तर कंपन्यांच्या कंजूषपणामुळे आणि थंडीमुळे.

अमेरिकेत न्यू हॅम्पशरमध्ये २००६ साली एक जुनं कोठार पाडताना तिथल्या कारागिराला रिळं दिसली. त्यात मूकपटांच्या काळातली मोठी नटी मेरी पिकफर्डचा १९११ चा हरवलेला पिक्चर निघाला. त्या माणसाने ती टाकली नाहीत. बस, एवढंच केलं त्याने. मला तेवढंही जमलं नाही.

हो, हो, मूकपटांच्या काळातली ती नायट्रेटची फिल्म पेटली तर पाण्यातही विझत नाही, ती घरात ठेवणं मूर्खपणा आहे, आणि सगळंच जपायला पैसा कुठून आणणार, हेही खरं. आमच्या डब्यातली त्या जातीची नव्हती पण. आणि आपल्याकडचं तर काही बोलायलाच नको. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांतली पहिली आणि शेवटची उरलीत. पुण्याच्या फिल्म अर्काइव्हचे पी. के. नायर दारोदार फिरले नसते तर फाळक्यांचं आज आहे तेवढंही दिसलं नसतं.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या गृहस्थांचं तरी काय चुकलं म्हणा, रविवारची सकाळ मोडून आले होते. पण त्यांनी स्वान्सनचे हात बघितले का? नकोशा नवऱ्याशेजारी बसलेल्या बाईचे हात. कथा फालतू असेना का, ते हात फालतू नाहीत.

अमेरिकेत व्हर्जिनियात एक भारी प्रकार सुरू झाला होता २०१२ मध्ये. लायब्ररी ऑफ काँग्रेसवाले ओळख न पटलेले मूकपट पडद्यावर लावायचे आणि हॉलमधल्या लोकांनी ओरडून सांगायचं, हा अमुक नट, ही मोटार अमक्या सालची, मागची पाटी तमक्या गावची. शांत बसायचं नाही, हाच नियम. हे वाचलं तेव्हापासून डोक्यात तीच फोनवाली बाई आहे. माझा तुकडा तिथे लावला असता तर कोणीतरी नक्की ओरडलं असतं.

म्हणून आत्ता, पोस्ट अर्धी टाकून, आत्याला फोन केला. ती आता ब्याऐंशीची आहे. म्हटलं, तो डबा मी टाकायला नको होता गं. म्हणाली, "बरं केलंस. घरभर वास मारत होता मेला." मग मी त्या हातमोजेवालीचं विचारलं. आत्या जरा वेळ गप्प राहिली.

"ती होय? पुढे मरते ती. दारात तिचाच नवरा असतो. तुझ्या आतोबांनी रात्री जेवताना सगळी ष्टोरी सांगितली होती मला."

पिक्चरचं नाव विचारलं. म्हणाली, "इंग्रजी होतं रे काहीतरी."