फ्लॉवरहॉर्नची जोडी आणि 3 महिन्यांत पैसे वसूल म्हणे

हा मेसेज यावेळी मामेभावाने पाठवला. 2 फुटी टँक घ्या, फ्लॉवरहॉर्नची जोडी सोडा, मासा टँकएवढाच वाढतो, जिवंत गोल्डफिश घातले की डोक्यावरचा कोक, म्हणजे तो उंचवटा, फुगतो, 3 महिन्यांत पिल्लं विकून पैसे वसूल. भावा, थांब जरा.

मासा टँकचं माप बघून वाढत नाही रे. छोट्या टँकात पाणी लवकर घाण होतं, माशाच्या घाणीतनं होणारं नायट्रेट चढतं आणि मासा खुंटतो, ह्यालाच लोक "टँकएवढा वाढला" म्हणतात. नीट पोसला तर फूटभर होतो, 10 वर्षं जगू शकतो. 2 बाय 1 बाय 1 फुटात 56 लिटर पाणी, तो वळणार कुठे? एकट्यालाच मी 4 बाय दीड बाय दीड देईन, म्हणजे 255 लिटर, नुसतं पाणीच पाव टन, टीपॉयवर ठेवू नकोस.

कोकचं म्हणशील तर तो मुख्यतः वाणावर. गोल्डफिशमध्ये उलट व्हिटॅमिन बी1 मोडणारं एन्झाइम असतं, शिवाय दुकानातनं रोग फुकट येतात. मी महिनाभर घातले, कोक तेवढाच राहिला आणि अंगावर पांढरे ठिपके येणारा व्हाइट स्पॉट रोग मात्र आला.

आता जोडी, खरी गंमत इथेच आहे. हा मासा कुठल्याच नदीतला नाही, 1990 च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतले सिक्लिड कुळातले मासे क्रॉस करून बनवलेला, त्यामुळे बरेच नर वांझ निघतात. मादी तर नर नसला तरी टाइलवर अंडी चिकटवते, आपण खूश, आणि 2 दिवसांत सगळी पांढरी, म्हणजे फळलीच नाहीत. एकत्र सोडलंस तर नर तिला मारूनही टाकेल, म्हणून मध्ये जाळी लावून आधी नुसतं एकमेकांना बघू द्यायचं. एवढं करून अंडी फळली तर 2-3 दिवसांत फुटतात, पिल्लं पोहायला लागली की आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव) उबवून दिवसातनं 3-4 वेळा घालत बस, ऑफिसचं बघ मग. शेकडो पिल्लांत कोक आणि रंग दोन्ही धरणारी मोजकीच, बाकीची फुकटसुद्धा कोणी नेत नाही.

आणि उरलेली तळ्यात सोडू असं मनातही आणू नकोस, मलेशिया-सिंगापूरच्या जलाशयांत असेच सोडलेले फ्लॉवरहॉर्न सापडलेत.