दावीद आपल्या मुलांशी बोलला नाही

गेल्या वर्षी एका रात्री माझ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या फोनवर मला नको ते दिसलं. काय दिसलं ते लिहीत नाही. वयात आलेला मुलगा घरात असलेल्या बापाला ते सांगावं लागत नाही. मी फोन हिसकावून घेतला, आवाज चढवला, ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाने काय करू नये ते सगळं ऐकवलं. तो मान खाली घालून उभा होता. मग एकदाच वर बघून त्याने विचारलं, "पप्पा, तुमच्या बाबतीत असं कधीच झालं नव्हतं?"

"विषय बदलू नकोस," म्हणून मी खोलीबाहेर पडलो.

रात्रभर डोळा लागला नाही. त्याने जे केलं त्यापेक्षा मी जे उत्तर दिलं त्याची टोचणी जास्त होती. कारण खरं उत्तर मला ठाऊक होतं. झालं होतं. त्या वयात झालं होतं आणि लग्नानंतरही काही वर्षं मी त्यात अडकलो होतो. प्रभूपुढे मी ते पाप कबूल केलं होतं, पत्नीपुढेही केलं होतं, आणि मला क्षमा मिळाली आहे याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. पण माझ्या मुलाला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक होता तो मंडळीत पुढच्या बाकावर बसणारा, सार्वजनिक प्रार्थना करणारा, कधीच न घसरलेला बाप. अशा बापाजवळ घसरलेल्या मुलाने यायचं तरी कसं?

त्या आठवड्यात मी बायबलमधलं, दावीद राजाची गोष्ट सांगणारं शमुवेलाचं दुसरं पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं. बथशेबा, उरीया, नाथान संदेष्टा हा अकरावा-बारावा अध्याय आपण सगळ्यांनी उपदेशांतून कितीदा तरी ऐकला आहे. तेराव्या अध्यायावर मात्र फारसं कोणी बोलत नाही, आणि बापांसाठी खरा धडा तिथे आहे असं मला वाटतं.

दावीदाचा थोरला मुलगा अम्नोन याने आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला. दावीदाला हे कळलं. वचन सांगतं की तो फार संतापला. बस, एवढंच. त्याने अम्नोनाला बोलावलं, जाब विचारला, शिक्षा केली, तामारेला जवळ घेतलं, यातलं काहीही तिथे लिहिलेलं नाही. तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम तिला म्हणतो, गप्प राहा. आणि तो स्वतः अम्नोनाशी बरं नाही की वाईट नाही, एक शब्द बोलत नाही. बाप गप्प, भाऊ गप्प, बहिणीलाही गप्प केलेलं. दोन वर्षं त्या घरात अशी गेली आणि मग अबशालोमाने अम्नोनाचा खून करवला.

दावीद गप्प का बसला असेल? शास्त्र कारण देत नाही, म्हणून मीही ठामपणे सांगणार नाही. पण एक बाप म्हणून वाचताना मला ते कळतं. दुसऱ्याच्या बायकोला, बथशेबेला, घरी बोलावून घेणारा आणि ते झाकण्यासाठी तिच्या नवऱ्याचा, उरीयाचा, जीव घेणारा माणूस आपल्या मुलाला कोणत्या तोंडाने विचारणार? अम्नोनाने उलटून तोच प्रश्न विचारला असता, जो मला विचारला गेला.

आणि मला सर्वांत जास्त हलवून गेली ती ही गोष्ट, की दावीदाला तर क्षमा मिळालेली होती. नाथान संदेष्ट्याने पाप दाखवून दिल्यानंतरची त्याची प्रार्थना म्हणजे ५१वं स्तोत्र. त्यात शुद्ध हृदयाची मागणी केल्यावर तो लगेच एक वचन देतो: म्हणजे मी अपराध्यांना तुझे मार्ग शिकवीन. हे वाक्य मी अनेकदा तोंडपाठ म्हटलं आहे, पण त्या आठवड्यात पहिल्यांदा मनात आलं की यातला पहिला अपराधी त्याच्या स्वतःच्या घरात वाढत होता. साऱ्या जगाला पश्चात्ताप शिकवणारं ते स्तोत्र अम्नोनाच्या दारापर्यंत पोहोचलं नाही.

बंधूंनो, आपल्या मंडळ्यांमध्ये मुलग्यांच्या आत्मिक वाढीबद्दल बोलणं निघालं की आपण काय करतो? संडे स्कूल, तरुण संघ, वचन पाठांतर, शिबिर. हे सगळं चांगलं आहे, मी स्वतः त्यात वाढलो. पण ही जबाबदारी पवित्र शास्त्राने आधी आपल्यावर टाकली आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाच्या आज्ञा मुलांच्या मनावर बिंबवायला सांगितलं आहे ते घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, झोपताना आणि उठताना. १५२९ साली धर्मसुधारक मार्टिन लूथरने ख्रिस्ती शिकवणीची लहान प्रश्नोत्तरी लिहिली तेव्हा तिच्या भागांच्या मथळ्यांमध्येच सांगितलं की कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावं. आदल्या वर्षी मंडळ्यांची पाहणी करताना लोकांचं आणि पाळकांचंही अज्ञान पाहून तो हादरला होता, आणि त्यावर त्याला सुचलेला उपाय घरातल्या बापाच्या हातात होता. आपण मात्र तो पाळकसाहेबांच्या आणि मुलांच्या आईच्या हाती देऊन मोकळे झालो आहोत.

'मर्दासारखे वागा' हे १ करिंथ १६:१३ मधलं वचन पुरुषांच्या सभांमध्ये हमखास वाचलं जातं. तिथला मूळ ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात फक्त याच एका ठिकाणी येतो. त्यावर ताकद, नेतृत्व, कणखरपणा यांचे मोठमोठे उपदेश होतात आणि पुढचं, चौदावं वचन वाचायचं राहून जातं: तुम्ही जे काही करता ते सर्व प्रीतीने करा. प्रेषित पौलाने या दोन ओळी एकापाठोपाठ एक लिहिल्या आहेत. ज्या मुलाला पहिली शिकवली आणि दुसरी शिकवली नाही, त्याच्या घरात उद्या एखादी तामार रडेल. हे मी विचार करून लिहितो आहे. बापाच्या मौनाचा पहिला घाव मुलीवर बसला, मुलग्यांचा नाश नंतर झाला. मुलाला आत्मिक पुरुष करायचं म्हणजे त्याच्याजवळ कोणतीही स्त्री सुरक्षित असेल असा माणूस त्याला घडवायचं, आणि हे त्याच्याशी स्पष्ट शब्दांत बोलल्याशिवाय होत नाही. नीतिसूत्रांचा पाचवा आणि सातवा अध्याय काढून बघा. तिथला बाप 'माझ्या मुला' म्हणत वासनेबद्दल जितकं उघड बोलतो, तितकं आपल्यापैकी किती जण घरी बोलतात?

माझे वडील फार भले गृहस्थ होते. मंडळीचे एल्डर होते, त्यांची उपासना कधी चुकली नाही. पण या विषयावर ते माझ्याशी आयुष्यात एक अक्षर बोलले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्याशीही कोणी बोललं नसेल. मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना मनाशी ठरवून टाकलं होतं की हा घाणेरडेपणा फक्त माझ्यातच आहे, खऱ्या ख्रिस्ती पुरुषांना असं काही होत नाही. त्या एका समजुतीने मला वर्षानुवर्षं अंधारात ठेवलं. पापापेक्षा तिनेच जास्त कोंडलं.

त्या घटनेनंतर आठव्या दिवशी मी मुलाला म्हटलं, चल, जरा चालून येऊ. समोरासमोर बसून मला ते जमलं नसतं. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, ते बरं असतं. अनुवादातला 'वाटेने चालताना' हा शब्द मला त्या दिवशी नव्याने कळला. बराच वेळ मी काहीच बोललो नाही. मग म्हणालो, "त्या रात्री तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी पळून गेलो. त्याबद्दल मला माफ कर. उत्तर 'हो' असं आहे."

सगळा तपशील मी त्याला दिला नाही, द्यायचाही नसतो. मुलगा काही आपला पाळक नाही, आपल्या मनावरचं ओझं त्याच्या खांद्यावर टाकायचं नाही. जे प्रभूपुढे आणि पत्नीपुढे आधी मिटलेलं आहे तेवढंच त्याच्याजवळ बोलावं, आणि तेही त्याच्या आईला विचारून. मी त्याला एवढंच सांगितलं की मी कुठे अडकलो होतो, त्यामुळे त्याची आई किती दुखावली, मी कोणापाशी कबूल केलं, आजही मी कोणत्या सीमा पाळतो आणि एक बंधू दर आठवड्याला मला त्याबद्दल सरळ प्रश्न विचारतो. तो ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "मम्मीने तुम्हाला माफ केलं?" मी म्हटलं, "केलं. पण लगेच नाही." माझ्या मते त्या दिवशी त्याने कृपा म्हणजे काय याबद्दल जे ऐकलं, ते माझ्या दहा वर्षांच्या कौटुंबिक प्रार्थनांमध्ये त्याला मिळालं नव्हतं.

काही बंधू म्हणतील, असं केल्याने मुलाच्या मनातला बापाचा आदर जातो. मलाही ती भीती होती. पण मार्काच्या नवव्या अध्यायातला तो बाप आठवा, जो आजारी मुलाला घेऊन येशूकडे आला. शिष्यांकडून काही झालं नव्हतं, भोवती गर्दी जमली होती, शास्त्री वाद घालत होते. त्या सगळ्यांसमोर तो ओरडून म्हणाला, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. मुलाच्या देखत स्वतःच्या अविश्वासाची कबुली! येशूने त्याला परत पाठवलं नाही. मुलगा त्याच दिवशी बरा झाला.

याउलट, मुलांना कधीच अडवायचं नाही याला प्रेम समजणारे बापही शास्त्रात आहेत. एली याजकाला मुलांचे अपराध माहीत होते, तरी त्याने त्यांना आवरलं नाही. दावीदाच्याच दुसऱ्या मुलाबद्दल, अदोनीयाबद्दल, १ राजे १:६ मध्ये म्हटलं आहे की 'तू असं का केलंस' असं विचारून बापाने त्याला कधी दुखवलं नाही. तेव्हा मी शिस्तीच्या विरोधात आहे असा अर्थ काढू नका. फोनवरचे निर्बंध आमच्या घरात आजही आहेत, आणि ते माझ्या फोनवरही आहेत. पण इफिसकरांस पत्रात पौल बापांना सांगतो की मुलांना चिडीस आणू नका. ज्या रोमी जगात तो लिहीत होता तिथे बापाला कायद्याने मुलाच्या जिवावरसुद्धा अधिकार होता. अशा बापांना आधी स्वतःला आवरायला सांगणं ही लहान गोष्ट नव्हती. मुलाला सर्वांत जास्त चीड कशाची येते? मला वाटतं, आपल्याकडून जे मागितलं जातं ते मागणारा स्वतः करत नाही, याची.

स्कॉटलंडमधल्या एका गरीब मोजे विणणाऱ्याबद्दल मी वाचलं आहे. त्याचा मुलगा जॉन पेटन पुढे दक्षिण समुद्रातल्या बेटांवर मिशनरी म्हणून गेला. त्यांच्या लहानशा घरात दोन खोल्यांच्या मध्ये एक चिमुकली खोली होती. बाप रोज तिथे जाऊन दार लावून घ्यायचा आणि मुलांना दाराआडून त्याच्या विनवणीचा आवाज यायचा. मुलं तिथून पावलं न वाजवता जायची. मुलगा घर सोडून निघाला तेव्हा बाप काही मैल त्याच्याबरोबर चालत आला. शेवटी तो हातात टोपी घेऊन, काही न बोलता चालत होता, फक्त ओठ हलत होते. असंही एक मौन असतं. पण तो बाप वर्षानुवर्षं देवाशी जे बोलत होता ते मुलाच्या कानावर पडत होतं, म्हणून ते मौन मुलाला कळलं.

ज्या मुलांना बाप नाही, किंवा असून नसल्यासारखा आहे, त्यांना मंडळीतल्या आपल्यापैकी कोणीतरी जवळ केलं पाहिजे. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा बाप ग्रीक होता, विश्वास त्याला आजी आणि आई यांच्याकडून मिळाला, आणि पौलाने त्याला 'माझ्या मुला' म्हटलं.

आता दर बुधवारी रात्री आम्ही दोघं शमुवेलाचं दुसरं पुस्तक वाचतो. निवड त्याचीच. परवा अठरावा अध्याय होता: बापाविरुद्ध बंड केलेला अबशालोम लढाईत मारला गेल्याची बातमी येते आणि दावीद वेशीवरच्या खोलीत रडत चढून जातो. त्याआधी, अम्नोनाच्या खुनानंतर, अबशालोम तीन वर्षं परमुलखात, गशूरला पळालेला होता. परत आला तरी यरुशलेमेत दोन वर्षं बापाने त्याला तोंड दाखवलं नव्हतं.

मुलाने ते शेवटचं वचन मोठ्याने वाचलं, थांबला, मग बोट ठेवून पुन्हा मनात वाचलं.

"पप्पा," तो म्हणाला, "एका वचनात पाच वेळा म्हणतो तो. माझ्या मुला, माझ्या मुला. हे आधी का नाही म्हणाला?"