फायनल_खरं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपसाठी आम्ही बिलाचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर करत होतो. एक पोरगा बेळगावचा, दुसरा पुण्यात बसून काम करणारा. बेळगावच्या पोरानं रात्री साडेअकराला व्हॉट्सॲपवर झिप फाईल टाकली आणि तिला नाव दिलं 'बिलिंग_फायनल_खरं'. आता आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'. "येतो म्हणालाय, खरं यायचा नाही" असं आम्ही दिवसातून दहादा बोलतो. त्याला म्हणायचं होतं, फायनल आहे, पण जीएसटीचं तेवढं बघायचं राहिलंय. पुढचं टाईप करायचा कंटाळा आला. पुणेकरानं ते 'खरोखर फायनल' असं वाचलं आणि सकाळी गिऱ्हाईकाच्या कॉम्प्युटरवर चढवलं. दुपारपर्यंत सतरा बिलांवर जीएसटी दोनदा लागला.

एवढ्या गोष्टीवरून तुम्हाला कुणी 'व्हर्जन कंट्रोल वापरा', म्हणजे कोडमध्ये कुणी कधी काय बदललं याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर वापरा, असं सांगायला आलं, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आपली पद्धत काय वाईट आहे? एक मूळ फोल्डर, मग त्याची कॉपी, मग 'नवीन', 'नवीन नवीन', 'मालकांनी बघितलेलं', 'मालकांनी बघायच्या आधीचं' आणि 'डिलीट करू नये'. या शेवटच्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. देवघरातल्या टाकांसारखं ते जुन्या कॉम्प्युटरवरून नव्यावर वारसाहक्कानं जातं.

वापरायचंच झालं, तर आधी कुठलं वापरायचं यावर निदान तीन महिने वाद घाला. कोडची एक ओळ तोवर कुठंही नोंदवायची नाही, ही अट. वादाला माल भरपूर आहे. मुख्य पैलवान दोन, सबव्हर्जन आणि गिट. सबव्हर्जन २००० सालापासूनचं. त्यात सगळा इतिहास एका सर्व्हरवर. सर्व्हर दिसत नसेल तर नोंद नाही. तुमचा एखादा पोरगा पावसाळ्यात कणकुंबीला गावी बसून काम करत असेल, जिथं मलप्रभा उगम पावते पण फोनची रेंज उगम पावत नाही, तर त्याला सबव्हर्जनच द्या. आठवडाभर केलेलं काम तो रविवारी बेळगावात येऊन एकगठ्ठा नोंदवील, आणि त्यातली कुठली ओळ कशासाठी बदलली हे त्यालाही सांगता येणार नाही. गिटमध्ये प्रत्येकाच्या मशीनवर अख्खा इतिहास असतो आणि रेंज नसतानाही नोंद करता येते. एवढी सोय झाली तर गावी जाण्यात काय मजा राहिली?

वादात वजन यावं म्हणून थोडा इतिहासही फेका. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम करणारे आधी बिटकीपर नावाचं असंच सॉफ्टवेअर वापरत होते. त्याचं फुकटातलं लायसन्स काढून घेतल्यावर एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सनं काही दिवसांत गिट उभं केलं. मर्क्युरिअल हे गिटचं भावंड त्याच महिन्यात जन्मलं, सोपंही होतं, तरी मागं पडलं. कोड ठेवायच्या बिटबकेट या साईटनं २०२० मध्ये त्याला घराबाहेर काढलं. एवढं बोललात की मीटिंगमधला मालक गप्प बसतो. एक गोष्ट मात्र त्याच्या कानावर जाऊ देऊ नका. कोडसाठी गिट ठीक, पण उद्यमबागेतली खरी दौलत म्हणजे कास्टिंगची आणि सीएनसीची ड्रॉइंगं. दोघांनी एकाच ड्रॉइंगमध्ये वेगवेगळे बदल केले तर ती कुणालाच जोडता येत नाहीत. तिथं फाईलला कुलूप लावून 'सध्या माझ्याकडं आहे' असं सांगता येणारं जुनं सबव्हर्जनच बरं पडतं. हे त्याला कळलं तर वाद दहा मिनिटांत मिटेल आणि तुमचे तीन महिने वाया जातील.

तसं बघितलं तर ब्रँच (कामाची फुटलेली फांदी), मर्ज (ती परत जोडणं) आणि कॉन्फ्लिक्ट (जोडताना उडालेली टक्कर) हे आपल्याला नव्यानं कुणी शिकवायची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगावचा म्हैसूर राज्यात जो मर्ज झाला त्याचा कॉन्फ्लिक्ट अजून उघडा आहे. १९६७ मध्ये महाजन आयोगानं रिव्ह्यू करून दिला, २६४ गावं महाराष्ट्राकडं आणि २४७ कर्नाटकाकडं, तो कुणालाच पसंत पडला नाही असं म्हणावं तर एका बाजूला भलताच पसंत पडला. २००४ पासून महाराष्ट्राची रिक्वेस्ट सर्वोच्च न्यायालयात ओपन आहे. नाव बदलण्याचंही तसंच. गिटचा कोड ठेवायच्या गिटहब या साईटनं २०२० मध्ये नव्या रिपॉझिटरीतल्या, म्हणजे कोडच्या कोठारातल्या, 'मास्टर' ब्रँचचं 'मेन' केलं तेव्हा जगभर केवढा आरडाओरडा झाला! आमच्याकडं १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. एसटीच्या पाटीवर एक, केएसआरटीसीच्या पाटीवर दुसरं, आणि रिक्षावाला दोन्ही नावांना तेवढंच भाडं सांगतो. कुणी कधी काय बदललं आणि दोष कुणाचा, हे इथला शाळकरी पोरगाही तारखेसकट सांगतो. त्याला फक्त परवाच्या बिलाच्या कोडमध्ये कुणी काय बदललं ते विचारू नका.

आता मालवेअर, म्हणजे व्हायरससारखी घातकी सॉफ्टवेअरं. आपण हद्दीच्या बाबतीत जागरूक माणसं. कुठला दगड कुठं रोवलाय यावर तीन पिढ्या भांडतो. म्हणून कॉम्प्युटरच्या बाबतीत जरा सैल असायला हरकत नाही.

पेन ड्राईव्ह म्हणजे शेजारधर्म. विरजण मागावं तसा मागायचा, द्यायचा. तो आधी झेरॉक्सच्या दुकानात जातो, तिथं दिवसभरात लागलेल्या पन्नास पेन ड्राईव्हांच्या पंगतीत बसतो आणि परत येतो तेव्हा आतल्या सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात. घाबरू नका, डबल क्लिक करा. एकदा उघडलं नाही तर पुन्हा करा. मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर विकत घेणं म्हणजे तर भाषेचा अपमान. ते कुणाच्या तरी टेलिग्रामवरून उतरवावं. सोबत एक सूचना असते, 'इन्स्टॉल करण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा'. चोरानं दारात येऊन "जरा कुत्रं बांधा बघू" म्हणावं आणि आपण साखळी शोधायला जावं, इतका सज्जनपणा जगात दुसरीकडं कुठं राहिलाय? चोरही पूर्वी सज्जन होते म्हणा. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस केला, त्यात स्वतःचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता. हल्ली ती रीतही राहिली नाही.

अपडेट करू नका. फाईलींना कुलूप लावून खंडणी मागणारा वॉनाक्राय मे २०१७ मध्ये आला, आणि ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिलं होतं. म्हणजे 'नंतर आठवण करा' हे बटण लोकांनी दोन महिने इमानेइतबारे दाबलं, तेव्हा कुठं त्याला नाव मिळालं.

आणि लग्नसराईत आलेली पत्रिका. मामाच्या नंबरवरून येते, नावाचं शेपूट पीडीएफ नसून एपीके असतं, म्हणजे पत्रिका नव्हे, फोनवर बसणारं ॲप. न उघडून कसं चालेल? पत्रिका बघितली नाही म्हणून मामा आयुष्यभर ऐकवील. उघडा, मागेल ती परवानगी द्या, एसएमएस वाचायची तर आधी द्या. बँकेचे ओटीपी वाचून झाले की तीच पत्रिका तुमच्या नंबरवरून आत्याला, काकूला, भिशीच्या ग्रुपला जाते. हळदीला कोण येणार ते कुणालाच माहीत नसतं.

निपाणीकडच्या एका सोसायटीत मी अशाच एका मंगळवारी जाऊन बसलो होतो. सॉफ्टवेअर दुसऱ्या कुणाचं, पण 'कॉम्प्युटरमधलं कळतंय' म्हणून मला बोलावलं. सगळ्या फाईलींची नावं विचित्र झालेली आणि पडद्यावर इंग्रजीत पैशाची मागणी. सेक्रेटरी म्हणाले, "अँटिव्हायरस आहे की! संपलाय खरं दोन वर्षं झाली." बॅकअप? तोही होता. बाहेरची हार्ड डिस्क कॉम्प्युटरला कायमची जोडलेली, सारखी काढ-घाल नको म्हणून. कॉम्प्युटरबरोबर तीही गेली. तिच्या कपाटाला पितळी कुलूप होतं, ते शाबूत होतं. वायरसाठी कपाटाच्या मागून भोक पाडलं होतं. संचालकांची तातडीची बैठक भरली, आणि 'व्यवहार बंद आहेत' ही सूचना कन्नडमध्ये लावायची, मराठीत की दोन्हीत, आणि दोन्हीत तर वर कुठली, यावर सव्वा तास गेला. खंडणीची चिठ्ठी निव्वळ इंग्रजीत होती, त्यावर मात्र कुणाची हरकत नव्हती.

तिथं कोपऱ्यात एक म्हातारे क्लार्क बसले होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. कॉम्प्युटर आला तरी त्यांनी हातानं रोजकीर्द लिहायचं सोडलं नव्हतं आणि त्यासाठी रोज चेष्टा सोसत होते. त्यांनी लाल कापडी बांधणीची वही उघडली. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, अशी की खालचा आकडा वाचता यावा. वर बरोबर आकडा, बाजूला तारीख, सही आणि दोन शब्दांत कारण. "खोडरबर वापरला तर आमच्या वेळी नोकरी जायची," ते म्हणाले. पान फाडायचं नाही, पानांना आधीच छापील नंबर. दर संध्याकाळी शिल्लक पुढं ओढायची, म्हणजे मागच्या एका आकड्याला कुणी हात लावला तर पुढची सगळी पानं बोंब मारतात. गिट आत हेच करतं, प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा. मी हे तात्यांना सांगायला गेलो तर त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "मग ते तुमचं गिट ह्या पोरांनी का नाही ठेवलं?" असल्या जुनाट माणसांच्या नादी लागू नका. सोसायटीनं त्या वहीवरून तीन आठवड्यांत खाती पुन्हा उभी केली हा निव्वळ योगायोग.

पुरता शहाणपणा करून कोड गिटहबवर नेलाच, तर निदान डेटाबेसचा पासवर्ड थेट कोडमध्ये लिहा. 'कुंदा@१२३' चांगला आहे, गोड आहे, लक्षात राहतो. चूक कळल्यावर ती ओळ खोडून पुन्हा नोंद करा आणि निर्धास्त झोपा. जुन्या नोंदीत तो तसाच वाचता येतो, तात्यांच्या रेघेखालच्या आकड्यासारखा, आणि पासवर्ड बदलल्याशिवाय सुटका नसते, हे मनातही आणू नका. मे २०१९ मध्ये असेच उघडे पडलेले पासवर्ड गोळा करून कुणीतरी गिटहब, गिटलॅब आणि बिटबकेटवरच्या शेकडो रिपॉझिटरी पुसल्या आणि परत देण्याचे ०.१ बिटकॉईन मागितले. ज्यांच्या स्वतःच्या मशीनवर अख्खी प्रत होती त्यांनी ती परत वर चढवली. चोराच्या धंद्याचा असा बट्ट्याबोळ करणं बरं नव्हे.

नोकरी शोधणाऱ्या पोरांना वेगळा सल्ला. परदेशी कंपनीचा निरोप येतो, पगार डॉलरमध्ये, आणि मुलाखतीआधी 'ही रिपॉझिटरी क्लोन करा, एनपीएम इन्स्टॉल चालवा आणि बग शोधा', म्हणजे कोड आपल्या मशीनवर उतरवा, त्याला लागणारी पॅकेजं बसवा आणि चूक शोधा. चालवाच. बग तुम्ही शोधायच्या आधी तो तुम्हाला शोधतो. इन्स्टॉलच्या वेळीच पॅकेजातली स्क्रिप्ट चालते आणि ब्राउझरमधले पासवर्ड घेऊन जाते. वेगळ्या रिकाम्या मशीनवर चालवणं म्हणजे अविश्वास दाखवणं, आणि आई म्हणते तसं, नोकरी देणाऱ्यावर अविश्वास दाखवू नये.

फार बारकाईनं बघायची सवय तर मुळीच नको. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. गडी खणत गेला आणि एक्सझेड नावाच्या, फाईली आवळून लहान करणाऱ्या आणि लिनक्सच्या पोटात सगळीकडं असणाऱ्या हत्यारात चोरदरवाजा सापडला. तो बसवणाऱ्यानं दोन वर्षांहून जास्त काळ गोड बोलून, कामं करून, विश्वास कमावला होता. गंमत अशी की चोरदरवाजा चालू करणारी कळ गिटमधल्या कोडमध्ये नव्हतीच. लोकांना देण्यासाठी जो वेगळा गठ्ठा बांधला जातो, त्यात होती. कोडशी ताडून बघायच्या आधीच गठ्ठा उचलून चढवणाऱ्यांना ती दिसायची नाही. अर्ध्या सेकंदासाठी एवढा उपद्व्याप! आपल्याकडं तीन तास लाईट गेली तरी आपण खिडकीतून फक्त एवढंच बघतो, शेजारची गेलीय का.

आमच्या त्या बिलाच्या कामाचं म्हणाल तर सतरा गिऱ्हाईकांची माफी मागून झाली. मीटिंग घेतली, गिट की सबव्हर्जन यावर बोलायला पुढची तारीख ठरली. पुणेकर तेवढ्यात सुधारला. आता आपणच नीट नाव द्यायचं, बेळगावच्या मराठीची भानगड नको, असं ठरवून त्यानं परवा रात्री अर्धवट फाईल पाठवली, 'बिलिंग_फायनल_पण'. आमच्या पोरानं वाचलं, 'हीपण फायनल', आणि सकाळी चढवली.