प्लस दहा

सुट्टीत कॉलेजच्या पोरांसाठी दोन आठवड्यांचा कोडिंग बूटकॅम्प (प्रोग्राम लिहायला शिकवणारं छोटं शिबिर) होता, त्यात मदतीला बसले होते, आणि तेव्हापासून कुणी "हे बूटकॅम्प म्हणजे नुसता धंदा" म्हणालं की राहवत नाही. (धंदा आहेच म्हणा. सॅन फ्रान्सिस्कोचं डेव्ह बूटकॅम्प, असले कोर्स विकणारी संस्था, २०१२ ला सुरू झालं, तेव्हा केवढी हवा होती, आणि २०१७ ला बंदही पडलं. बारा आठवड्यांत डेव्हलपर बनवतो म्हणणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाहीये.) मी म्हणतेय डिग्रीच्या जोडीला घेतात तसल्या बूटकॅम्पबद्दल.

एक मुलगी होती, प्रोग्रामिंगला मार्क चांगले. १ ते १० ची बेरीज करायला सांगितली, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत. तिनं रेंज(१, १०) लिहिलं, ते ९ वरच थांबतं, त्यामुळे उत्तर आलं ४५. मग हिनं काय करावं, उत्तर दाखवणाऱ्या प्रिंटच्या ओळीत टोटलपुढे प्लस १० टाकलं. ५५! झालं की. मी काहीच बोलले नाही, फक्त म्हटलं आता १०० पर्यंत कर. आले ४९६०. कागदावर केलं तर ५०५०. पाच मिनिटं गप्प, स्क्रीनकडे बघत, आणि मग हळूच, "म्हणजे शेवटचा आकडा तो घेतच नाही?"

आता हे तिला वर्गात कुणी सांगितलं नसेल का? सांगितलं असणारच. पण वर्गात साठ-सत्तर जण, आउटपुट बरोबर दिसला की मार्क आणि पुढचा टॉपिक, तो प्लस १० बघायला वेळ कुणाला आहे. दोष एकट्या मास्तरांचा नाही. २००१ मध्ये मॅक्क्रॅकन नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या देशांतल्या ४ विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना छोटे प्रोग्राम लिहायला दिले होते, तर मार्क ११० पैकी सरासरी २३ च्या आसपास. म्हणजे हे दुखणं जुनं आहे आणि सगळीकडचं आहे.

बूटकॅम्पमध्ये मिळते ती शेजारी बसून कुणीतरी चूक बघण्याची सोय. लाल अक्षरात एरर आला की पोरं पटकन विंडो खाली करतात, चोरी पकडल्यासारखी. पहिले तीन दिवस आम्ही एवढंच केलं, एरर मोठ्यांदा वाचायचा, शेवटच्या ओळीपासून. दोघांत एक कीबोर्ड, वीस मिनिटांनी बदलायचा. कोडच्या ओळी उलटसुलट करून द्यायच्या आणि क्रम लावायला सांगायचा, याला पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात, २००६ पासून चालत आलंय, आणि कोऱ्या स्क्रीनला घाबरणाऱ्यांना यानं खरंच हात चालवता येतो.

आणि मग आयोजकांना शेवटच्या दिवशी डेमो हवा होता. वेबसाइट पाहिजे, लॉगिन पाहिजे, फोटो काढायचेत. झालं, दुसरा आठवडा सगळा कॉपी-पेस्टमध्ये गेला, एका ग्रुपला आपलं लॉगिन चालतं कसं तेच सांगता येईना. त्यापेक्षा चार फंक्शन (प्रोग्रामचे छोटे तुकडे) स्वतः लिहिली असती तरी चाललं असतं. शिवाय सुट्टीत नोकरी करणारी पोरं आलीच नाहीत, ज्यांना सगळ्यात जास्त गरज होती ती. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला दोन संध्याकाळी घेतला असता तर तीही आली असती, हे मी दोनदा बोलून बघितलं.

ती मुलगी मात्र डेमोच्या गडबडीत शेजारच्या मुलाचा प्रोग्राम बघत होती. तो खुशीत, उत्तर बरोबर आलंय. ही म्हणाली, "थांब, १०० टाकून बघ."