फोल्डर लॉक झालाय? आधी तो कोणी धरलाय ते बघा

दिवाळी अंकांची कामं अंगावर आली की डीटीपी करणाऱ्या मित्रमंडळींचे फोन सुरू होतात, आणि त्यात एक तक्रार ठरलेली: ‘फोल्डर डिलीट होत नाही, नाव बदलू देत नाही, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा आहे म्हणतोय. अरे, सगळं बंद केलंय मी!’ तोवर बहुतेकांनी कुठला तरी व्हिडिओ बघून, अ‍ॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून, टेकओन आणि आयकॅकल्स, म्हणजे फाइलची मालकी आणि परवानग्या बदलणाऱ्या कमांड, चालवलेलं असतं. कृपा करून हे करू नका.

इथे मालकीचा प्रश्नच नसतो. परवानगी नसेल तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं. ‘फाइल इन यूज’ म्हणजे कुठला तरी प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसलाय, आणि त्याचं काम होईपर्यंत विंडोज ती दुसऱ्याला हलवू देत नाही. परवानग्या बदलून ती पकड सुटत नाही. उलट त्यांचा घोळ तेवढा मागे राहतो आणि उद्या ऑफिसातल्या दुसऱ्या लॉगिनवर तोच फोल्डर उघडेनासा होतो.

फाइल धरून बसलेला हा प्रोग्रॅम पुष्कळदा वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हचा सिंक, म्हणजे फाइल आपोआप क्लाउडवर पाठवणारा भाग, असतो. वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप चालू असला की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स वनड्राइव्हच्या आत जातात. आपल्याला वाटतं आपण साध्या डेस्कटॉपवर काम करतोय. तिकडे प्रत्येक सेव्हनंतर फाइल वर पाठवणं चालूच असतं. मोठ्या फोटोंचा फोल्डर असेल आणि नेट मंद असेल तर हे बराच वेळ चालतं.

कोणी धरलंय ते शोधणं अवघड नाही. स्टार्टमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’ शोधा, सीपीयू टॅबवर जा आणि ‘असोसिएटेड हँडल्स’च्या शोधचौकटीत फोल्डरचं नाव टाका. खाली प्रोग्रॅमचं नाव येतं. मायक्रोसॉफ्टचं फुकट मिळणारं पॉवरटॉइज टाकलेलं असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून ‘फाइल लॉकस्मिथ’ने हेच कळतं. वनड्राइव्ह निघाला तर टास्कबारवरच्या ढगावर क्लिक करा. अपलोड चालू असेल तर आधी पूर्ण होऊ द्या, मग सिंक दोन तासांसाठी पॉज करा. तरी सुटलं नाही तर वनड्राइव्ह क्विट करा. नाव विंडोज एक्सप्लोररचंच आलं तर उजवीकडचा प्रीव्ह्यू पेन बंद करा, तोही फाइल धरून ठेवतो.

इनडिझाइनमध्ये अंकाची पानं लावणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघायची. अंकाची फाइल उघडली की तिच्या शेजारी आयडीएलके एक्स्टेन्शनची छोटी लॉक फाइल तयार होते. इनडिझाइन बंद झालं की ती आपोआप जायला हवी. ती मागे उरली, किंवा सिंक होऊन दुसऱ्या मशीनवर गेली, तर कोणीच अंक उघडलेला नसताना तो कोणीतरी वापरतंय असं दिसतं. सगळ्या मशीनवर इनडिझाइन बंद आहे याची खात्री करा आणि मगच ती छोटी फाइल उडवा.

राग येतो तो त्या संदेशाचा. एखादी वर्डची फाइल उघडी असेल तर ‘वर्डमध्ये उघडी आहे’ असं विंडोज नावानिशी सांगतं. फोल्डरच्या वेळी मात्र नुसतं ‘दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये’. कुठली फाइल कोणी धरलीय हे काढायची सोय विंडोजमध्ये व्हिस्टापासून आहे. ते नाव त्याच चौकटीत आलं असतं तर डेडलाइनच्या रात्री कोणी परवानग्या उचकटत बसलं नसतं.

लॉक सुटला की रागारागाने डिलीट दाबू नका. सिंकच्या फोल्डरमधून उडवलेली फाइल क्लाउडवरूनही जाते, आणि फोल्डर शेअर केलेला असेल तर सगळ्यांकडून जाते. वनड्राइव्हच्या वेबवरच्या रिसायकल बिनमध्ये ती घरगुती खात्याला साधारण 30 दिवस आणि ऑफिसच्या खात्याला 93 दिवस राहते, म्हणून चुकून उडाली तर आधी तिथे बघा.

चालू कामाचा फोल्डर सिंकच्या बाहेर, डी ड्राइव्हवर ठेवा असं मी सगळ्यांना सांगतो. टॅलीचा डेटा आणि आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइलही तिथेच. संध्याकाळी इनडिझाइन बंद केलं की अंकाची तारीख घातलेली प्रत क्लाउडवर टाका, आणि ती पूर्ण वर गेल्याची खूण दिसल्याशिवाय मशीन बंद करू नका.